सरकारचा हुकूम, कंपनीची निवड : आउशवित्झच्या रबर कारखान्याचं प्रकरण

१९४८ च्या जुलैअखेर न्युरेम्बर्गमध्ये आयजी फार्बेन या बलाढ्य जर्मन रसायन कंपनीच्या २३ वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला. अकरा महिने चाललेल्या या खटल्यात बचावपक्षाने निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट मांडली होती. युद्धकाळात माल कुठला, किती आणि कुठे काढायचा हे सरकार ठरवत होतं, मजूरही सरकारच पाठवत होतं, आणि नकार देणाऱ्याची गय केली जात नव्हती. मग कारखानदाराला दोष कसा द्यायचा?

हा दावा सरसकट खरा की खोटा यावर वाद घालत बसण्यापेक्षा एकच कारखाना घ्यावा आणि त्याचा एकेक निर्णय कुणी घेतला ते तपासावं, असं मला वाटतं. आउशवित्झजवळचा कृत्रिम रबराचा कारखाना त्यासाठी घेतला आहे. तो जर्मनीने बळकावलेल्या पोलंडच्या भूमीवर उभा राहिला, त्याचे कागद मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहेत, आणि सरकारी योजना व खासगी कंपनी एकमेकांत किती गुंतू शकतात हे इथे तारखेनिशी दिसतं. माझं मत आधीच सांगतो. 'सरकारने सांगितलं म्हणून केलं' हे उत्तर या प्रकरणात एका पायरीपुरतं खरं आहे. त्या पायरीनंतरच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयावर कंपनीचा हात दिसतो.

कंपनी आणि योजना

डिसेंबर १९२५ मध्ये बीएएसएफ, बायर, हेक्स्ट, आग्फा आणि आणखी काही कंपन्या एकत्र येऊन आयजी फार्बेन स्थापन झाली. यातली नावं आपल्याला परकी नाहीत. ठाण्याची बायर आणि मुलुंडची हेक्स्ट ही याच घराण्यातल्या कंपन्यांची युद्धानंतरची रूपं. रंग, औषधं, खतं, फोटोची फिल्म, स्फोटकांचा कच्चा माल असं सगळं बनवणारी ही त्या काळातली युरोपातली सर्वांत मोठी रसायन कंपनी होती.

तिच्या लॉयना कारखान्यात कोळशापासून पेट्रोल बनत असे. तंत्र उत्तम होतं, पण जागतिक बाजारात खनिज तेल इतकं स्वस्त झालं की हे पेट्रोल परवडेना. हिटलर सत्तेवर आल्यावर १४ डिसेंबर १९३३ रोजी सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला. कंपनीने लॉयनाची क्षमता वर्षाला साडेतीन लाख टनांपर्यंत न्यायची, सरकारने दहा वर्षं ठरावीक किमतीची हमी द्यायची आणि जादा नफा सरकारजमा व्हायचा. पुढच्या साऱ्या व्यवहाराचा साचा या करारात पडला. बाजाराला नको असलेला माल सरकारला युद्धासाठी हवा होता. तो काढण्याचं तंत्र कंपनीकडे होतं आणि त्यातला धोका सरकारने पत्करला.

१९३६ मध्ये चार वर्षांची योजना आली आणि तिची सूत्रं हिटलरचा निकटचा सहकारी हेर्मान गोरिंग याच्याकडे गेली. पोलाद, परकीय चलन, मजूर, यंत्रं, सगळ्याचे कोटे ठरू लागले आणि बांधकामांना प्राधान्यक्रम मिळू लागले. वरचा क्रम मिळाला तर काम चालायचं, खालचा मिळाला तर सिमेंटसुद्धा येत नसे. रसायनांच्या बाबतीत हे क्रम ठरवणाऱ्या कार्यालयात कार्ल क्राउख बसला. तो आयजी फार्बेनच्या संचालक मंडळावरचा माणूस. १९३८ मध्ये रसायन उत्पादनाच्या विशेष प्रश्नांसाठी सर्वाधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. स्फोटकं, इंधन, रबर, हलके धातू यांच्या वाढीचा जो आराखडा सरकारने स्वीकारला तो त्याच्या नावानेच ओळखला जाई. कार्यालयात त्याच्या हाताखाली कंपनीतून आणलेली बरीच माणसं होती. १९४० मध्ये कार्ल बॉशच्या मृत्यूनंतर क्राउख कंपनीच्या पर्यवेक्षी (म्हणजे संचालकांवर देखरेख करणाऱ्या) मंडळाचा अध्यक्षही झाला. सरकारी पद त्याने सोडलं नाही.

म्हणजे रसायन क्षेत्रात 'सरकारने ठरवलं' असं जिथे कागदावर लिहिलेलं असतं, तिथे ठरवणारा पुष्कळदा कंपनीचाच माणूस असे. म्हणून कंपनी आणि सरकार एकच होते असं मात्र म्हणता येत नाही. क्राउखचं कार्यालय, अर्थमंत्रालय, लष्कराचं शस्त्रास्त्र खातं आणि कंपनीचे कारखानाप्रमुख यांच्यात सतत ओढाताण चालायची, आणि कंपनीतही सगळे एका मताचे नव्हते. पण ही ओढाताण माणसं एकमेकांना ओळखत असलेल्या वर्तुळातली होती. कुणी वरून हुकूम फेकतो आणि कुणी खाली मान घालून झेलतो, असं ते चित्र नव्हतं.

पोलंडमधली पहिली झलक

जर्मनीने १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला केला. ७ सप्टेंबरला, म्हणजे वॉर्सा अजून पडलेलं नसताना, आयजी फार्बेनचा रंगविभागाचा संचालक गेओर्ग फॉन श्निट्झलर याने आपल्या बर्लिन कार्यालयाला तार केली. पोलंडमधले बोरुता, वोला आणि विनित्सा हे रंगकारखाने थोड्याच दिवसांत जर्मन सैन्याच्या हाती येतील, ते चालवायला जाणकार हवेत, तेव्हा अर्थमंत्रालयाशी बोलून आपल्याला विश्वस्त म्हणून नेमून घ्या, असा त्या तारेचा आशय. यातला एक कारखाना ज्यू कुटुंबाचा आहे, याची नोंदही त्यात होती.

दोन आठवड्यांत मंत्रालयाने होकार दिला आणि विश्वस्त म्हणून आले ते कंपनीचेच अधिकारी. पुढे जप्त पोलिश मालमत्तेसाठी गोरिंगने पूर्व विश्वस्त कार्यालय उभं केलं, त्याच्याशी कंपनीचे खटके उडाले, एसएस या नाझी निमलष्करी संघटनेचा आणि तिच्या छळछावण्यांचा प्रमुख हिमलर याच्या माणसांचीही संमती लागली. शेवटी झ्गिएर्झ इथला बोरुता कंपनीने विकत घेतला. वोला आणि विनित्सा बंद पडले आणि त्यांची यंत्रसामग्री हलवली गेली.

फ्रान्समध्ये जरा सभ्य वेशात हेच झालं. नोव्हेंबर १९४० मध्ये वीसबाडेनला फ्रेंच रंगउद्योगाच्या प्रमुखांना बोलावून घेतलं गेलं, आणि वर्षभराच्या दबावानंतर १९४१ च्या नोव्हेंबरात फ्रांकोलोर नावाची संयुक्त कंपनी निघाली. तिचे ५१ टक्के भाग आयजी फार्बेनकडे गेले. तिथे पैसे मोजले गेले, सह्या झाल्या, सगळं कागदोपत्री चोख होतं. कारखाना चालवायला लागणारा कच्चा माल मात्र जर्मन लष्करी प्रशासनाच्या हाती होता, आणि सही न करणाऱ्याला तो मिळणार नव्हता.

आउशवित्झकडे वळण्याआधी एवढं सांगणं गरजेचं होतं, कारण व्याप्त प्रदेशात कंपनी कशी वागते हे १९४१ उजाडण्यापूर्वीच दिसलं होतं. राज्यसत्ता दार उघडते, आणि कुठल्या दारातून शिरायचं हे कंपनी आधीच ठरवून आलेली असते.

जागा कुणी निवडली

जर्मनीला नैसर्गिक रबर मलाया आणि डच ईस्ट इंडीजमधून समुद्रमार्गे आणावं लागे. युद्धात ब्रिटिश आरमार तो मार्ग तोडणार, हे उघड होतं. बुना हे कृत्रिम रबर त्यावरचा तोडगा. कोळसा आणि चुनखडी हा त्याचा मूळ कच्चा माल. चुना आणि कोक विजेच्या भट्टीत प्रचंड तापमानाला तापवून कॅल्शियम कार्बाइड करायचं, त्यावर पाणी सोडून अ‍ॅसिटिलीन वायू काढायचा, त्यापासून काही टप्प्यांनी ब्युटाडाइन, आणि त्याची स्टायरीनशी साखळी जोडून रबर. या कामाला वीज आणि पाणी अफाट लागतं. नैसर्गिक रबराच्या तुलनेत ते फार महाग पडे, म्हणून शांततेच्या काळात कंपनीलाही त्याचा फारसा उत्साह नव्हता. श्कोपाऊचा पहिला मोठा कारखाना १९३६ पासून सरकारी आग्रहाने आणि सरकारी हमीने उभा राहिला. दुसरा ह्यूल्सला झाला आणि तिसरा लुडविग्सहाफेनला निघाला.

चौथा पूर्वेकडे हवा, ही मागणी सरकारची. ब्रेस्लाऊजवळ राटवित्झ इथे १९४० मध्ये काम सुरूही झालं होतं. पण फ्रान्स कोसळल्यावर युद्ध संपल्यातच जमा आहे असं वाटून ते थांबवलं गेलं. ब्रिटनने मात्र हार मानली नाही आणि ब्रिटिश विमानं पश्चिम जर्मनीवर येऊ लागली. नोव्हेंबर १९४० मध्ये अर्थमंत्रालयाने पुन्हा सांगितलं की नवा कारखाना पूर्वेला, सायलेशियात, बॉम्बफेकी विमानांच्या पल्ल्याबाहेर हवा. कंपनीच्या काहींना असलेलेच कारखाने वाढवणं पसंत होतं. इथे सरकारने भाग पाडलं, हे मान्य करायला हवं. मी म्हटलेली एक पायरी ती हीच.

पण सायलेशिया म्हणजे एक मोठा प्रांत आहे. त्यात नेमकी कुठली जागा, हे कंपनीच्या रबर विभागाचा प्रमुख ओटो आम्ब्रोस याने ठरवलं. डिसेंबर १९४० आणि जानेवारी १९४१ मध्ये त्याने नकाशे, पाण्याचे अहवाल, रेल्वेचे मार्ग आणि जमिनीचा उतार पाहून ओश्वेंचिम हे गाव निवडलं. जर्मन लोक त्याला आउशवित्झ म्हणत. विस्तुला, सोला आणि प्शेम्शा या तीन नद्यांचं पाणी जवळ, सपाट जमीन, मोठं रेल्वे जंक्शन, कोळशाच्या खाणी शेजारी, क्रझेशोवित्सेची चुनखडी आणि विएलिच्काचं मीठ हाताशी. वेसोला इथल्या फ्युर्स्टेनग्रुबे खाणीत कंपनीने लगेच नियंत्रक हिस्सा घेतला. शिवाय डिसेंबर १९४० मध्ये बळकावलेल्या पूर्व भागात गुंतवणूक करणाऱ्यांसाठी करसवलती जाहीर झाल्या होत्या.

आणि गावाच्या कडेला १९४० च्या उन्हाळ्यापासून एक छळछावणी होती.

छावणीमुळे जागा ठरली की जागा आधी ठरली आणि छावणी सोयीची पडली, यावर इतिहासकारांत खरा मतभेद आहे. पाणी आणि कोळसा हीच मुख्य कारणं, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे. कार्बाइडची भट्टी मजुरांच्या संख्येवर चालत नाही. पण बांधकाम मात्र मजुरांच्याच संख्येवर चालतं. त्या भागात हजारो बांधकाम मजूर मिळणार नाहीत, हे जागा पाहतानाच कंपनीला कळलं होतं. छावणी नसती तर ही जागा एवढ्या झटपट पक्की झाली असती, असं मला वाटत नाही.

वीस दिवस

या प्रकरणाचा गाभा १९४१ च्या फेब्रुवारीत आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

६ फेब्रुवारीला क्राउख, आम्ब्रोस आणि कंपनीच्या तांत्रिक समितीचा प्रमुख फ्रिट्झ तेर मेर यांच्या बैठकीत आउशवित्झची जागा पुढे रेटण्याचं ठरलं. राहायला घरं आणि राबायला मजूर कुठून आणायचे, या अडचणीवर तिथे चर्चा झाली. १८ फेब्रुवारीला गोरिंगने हिमलरला पत्र पाठवलं. आउशवित्झ गावातल्या ज्यूंना ताबडतोब हलवा, म्हणजे त्यांची घरं कारखान्याच्या कामगारांना मिळतील. बांधकामाच्या उपयोगी पडतील असे पोलिश लोक राहू द्या. आणि छावणीतले शक्य तेवढे कैदी या कामासाठी द्या. २५ फेब्रुवारीला क्राउखने हे सगळं आम्ब्रोसला कळवलं, आणि आपल्या आग्रहावरून हे हुकूम निघाल्याचं त्यात नोंदवलं. २६ फेब्रुवारीला हिमलरचा हुकूम सुटला आणि १ मार्चला तो स्वतः छावणी पाहायला आला. छावणीप्रमुख रुडॉल्फ ह्योस याने युद्धानंतर सांगितलं, की छावणीचा प्रचंड विस्तार करण्याचा आणि आयजी फार्बेनसाठी दहा हजार कैदी तयार ठेवण्याचा आदेश याच भेटीत मिळाला.

कागदावर क्रम असा दिसतो: गोरिंग, मग हिमलर, मग कंपनी. आदेश वरून खाली आल्यासारखा वाटतो. पण मागणी खालून वर गेली होती, आणि ती नेणारा माणूस कंपनीच्या पर्यवेक्षी मंडळाचा अध्यक्ष होता. एकाच माणसाने कंपनीसाठी मागायचं आणि सरकारच्या नावाने मिळवून द्यायचं, अशी व्यवस्था असली की 'हुकूम' या शब्दाचा आधार घेता येत नाही. मला या खटल्यातला सर्वांत बोलका पुरावा हाच वाटतो.

एप्रिलच्या सुरुवातीला गावातल्या ज्यू रहिवाशांना सोस्नोविएत्स, बेंजिन आणि ख्शानुव या गावांत हाकललं गेलं. युद्धापूर्वी गावातले निम्म्याहून जास्त लोक ज्यू होते. रिकाम्या झालेल्या गावाच्या जागी 'आदर्श जर्मन शहर' वसवायचा आराखडा ब्रेस्लाऊचा वास्तुरचनाकार हान्स श्टोसबेर्ग याने केला. रस्ते, चौक, शाळा, अधिकाऱ्यांसाठी बागा, सगळं त्यात आखलेलं होतं. नगररचना म्हणून आजही तो व्यवस्थित वाटेल, आणि म्हणूनच तो पाहताना मला राग येतो. मूळ रहिवासी गेलेत असं धरूनच त्यातली प्रत्येक रेघ ओढली आहे.

दर ठरले

२७ मार्च १९४१ रोजी कंपनीचे अभियंते आणि छावणीचे अधिकारी एकत्र बसले. लॉयनाहून आलेला वाल्टर ड्युर्फेल्ड बांधकामाचा प्रमुख होता. अकुशल कैद्यामागे दिवसाला ३ राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन), कुशल कैद्यामागे ४, असा दर ठरला. उन्हाळ्यात दहा-अकरा तास काम, हिवाळ्यात नऊ. पैसे एसएसला जाणार होते, कैद्याला काहीच नाही. एका कैद्याकडून जर्मन कामगाराच्या पाऊणपट काम निघेल, असा हिशेबही मांडला गेला. ७ एप्रिलला काटोवित्सेला कारखान्याची रीतसर स्थापना झाली. १२ एप्रिलला आम्ब्रोसने तेर मेरला पत्र लिहिलं. छावणीच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या मेजवानीत कैद्यांच्या वापराची सगळी व्यवस्था पक्की झाली, आणि एसएसशी झालेली आपली नवी मैत्री फार लाभदायक ठरते आहे, असं त्यात आहे. धाकाखाली वाकलेल्या माणसाची ही भाषा नाही.

सुरुवातीचे काही महिने कैदी मुख्य छावणीतून सहा-सात किलोमीटर चालत येत आणि संध्याकाळी मेलेल्यांना उचलून परत नेत. सिमेंटची ५० किलोची पोती धावत वाहायची. मुकादम कैद्यांमधलेच असत आणि काठ्यांनी मारत.

ऑगस्ट १९४१ च्या एका साप्ताहिक अहवालात कंपनीच्या बांधकाम कार्यालयाने या मारहाणीबद्दल तक्रार नोंदवली आहे. सर्वांत अशक्त कैद्यांनाच, ज्यांना खरोखरच जास्त काम झेपत नाही त्यांना, बांधकामाच्या जागी फटके मारतात. मोकळ्या पोलिश मजुरांवर आणि जर्मनांवर याचा वाईट परिणाम होतो. म्हणून छावणीला विनंती केली आहे, की ही मारहाण इथे नको, छावणीच्या आत व्हावी. या अहवालाने मला जितकं अस्वस्थ केलं तितकं मोठ्या आकड्यांनी केलं नाही. लिहिणाऱ्याला सगळं दिसत होतं, कुणाला मारतात तेही अचूक कळत होतं. 'थांबवा' असं सांगायची हिंमत नसेल, असं क्षणभर मानू. पण 'आत न्या' असं सांगण्याइतकं वजन त्याच्या शब्दाला होतं, हे तर त्याच्याच कागदावरून ठरतं.

मोनोवित्झ

जुलै १९४२ मध्ये मुख्य छावणीत टायफसची साथ पसरली आणि कैद्यांची ने-आण बंद पडली. कामाचा खोळंबा कंपनीला परवडेना. तिने कारखान्याला लागूनच आपली छावणी बांधायचं ठरवलं. त्यासाठी मोनोवित्से गावच्या पोलिश लोकांना घराबाहेर काढलं आणि गाव पाडलं. ऑक्टोबर १९४२ च्या अखेरीस मोनोवित्झची छावणी सुरू झाली. एका खासगी कारखान्यासाठी, त्याच्याच आवारालगत, त्याच्याच खर्चाने उभी राहिलेली ही पहिली मोठी छळछावणी. बराकी, अन्न आणि दवाखाना यांची व्यवस्था कंपनीची. पहारा आणि शिक्षा एसएसची.

या वाटणीमुळे पुढे न्यायालयात जबाबदारी टोलवणं सोपं गेलं. पण दवाखान्याचा नियम पाहा. आजारी कैद्यांचं प्रमाण पाच टक्क्यांवर जाता कामा नये, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त कुणी खाटेवर राहू नये. ज्यांचा उपयोग उरला नाही त्यांना बिर्केनाऊला पाठवत, म्हणजे गॅसच्या कोठडीत. त्यांच्या जागी नव्या गाड्यांमधून आलेली धडधाकट माणसं मिळत. कैद्यामागचा खर्च दिवसावर मोजला जात होता, त्यामुळे त्याला जगवण्यात कंपनीला आर्थिक फायदा उरला नव्हता. कैद्याचं इथलं सरासरी आयुष्य तीन-चार महिन्यांचं होतं.

१९४२ च्या अखेरीस मोनोवित्झमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास कैदी होते, १९४४ च्या उन्हाळ्यात अकरा हजारांवर. बहुतेक सगळे ज्यू. त्यांच्याबरोबर पोलिश आणि युक्रेनियन मजूर, फ्रान्स-बेल्जियम-इटलीहून आणलेले कामगार आणि ब्रिटिश युद्धकैदी होते. या ब्रिटिश कैद्यांपैकी काहींनी पुढे न्युरेम्बर्गला साक्षी दिल्या. मोनोवित्झमध्ये किमान दहा हजार माणसं मेली असा आउशवित्झ संग्रहालयाचा अंदाज आहे. काही अभ्यासक याच्या दुप्पट आणि त्याहून मोठे आकडे देतात.

योजनेच्या भाषेत पाहिलं तर कारखाना अपयशी ठरला. साठ कोटी राइशमार्कांहून जास्त खर्च झाला, वर्षाला तीस हजार टन रबराचं उद्दिष्ट होतं, आणि शेवटपर्यंत इथून विक्रीचं बुना रबर बाहेर पडलं नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये मिथेनॉल निघू लागलं तेवढंच. ऑगस्ट १९४४ पासून अमेरिकी विमानं कारखान्यावर चार वेळा आली. ज्या कारणासाठी सरकारने पूर्वेचा आग्रह धरला होता, तेही टिकलं नाही. १८ जानेवारी १९४५ रोजी सुमारे दहा हजार कैद्यांना बर्फातून ग्लिवित्सेकडे पायी हाकललं गेलं. २७ जानेवारीला सोव्हिएत सैन्य आलं. पुढे उरलेल्या कारखान्यावर पोलंडचा स्वतःचा रसायन उद्योग उभा राहिला आणि तिथे कृत्रिम रबर आजही बनतं.

न्यायालयाने कुठे रेघ ओढली

खटला अमेरिकी न्यायाधिकरणासमोर चालला. मुख्य सरकारी वकील टेलफर्ड टेलर. न्यायाधीश कर्टिस शेक, जेम्स मॉरिस आणि पॉल हेबर्ट. आरोप आक्रमक युद्धाचे, लुटीचे आणि गुलामीचे.

युद्धाच्या कटातून सगळे सुटले, क्राउखसुद्धा. लुटीच्या बाबतीत न्यायाधिकरण कडक होतं. युद्ध चालू असताना केलेलं प्रदेशाचं विलीनीकरण कायदा मानत नाही आणि युद्धाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांप्रमाणे व्याप्त प्रदेशातली खासगी मालमत्ता हिरावता येत नाही. म्हणून पोलंडचे रंगकारखाने, नॉर्वेतले व्यवहार आणि फ्रांकोलोर यांबद्दल शिक्षा झाल्या. फ्रांकोलोरबद्दलचा विचार मला विशेष महत्त्वाचा वाटतो. व्याप्त देशातल्या मालकाने सही केली आणि त्याला पैसे मिळाले, तरी मागे लष्करी ताब्याचा दबाव असेल तर ती संमती खरी नव्हे, असं न्यायाधिकरणाने धरलं.

गुलामीच्या आरोपात न्यायाधिकरणाने 'निरुपाय' हा बचाव बऱ्याच अंशी स्वीकारला. सरकारने मजूर वाटून दिले आणि कंपनीने ते वापरले, एवढ्यावरून शिक्षा द्यायची नाही. पण जिथे पुढाकार कंपनीचा होता तिथे निरुपाय उरत नाही. ती ठिकाणं म्हणजे आउशवित्झ आणि फ्युर्स्टेनग्रुबेची खाण. क्राउख, तेर मेर, आम्ब्रोस, ड्युर्फेल्ड आणि इंधन विभागाचा हाइन्रिश ब्यूटेफिश असे पाचजण या आरोपात दोषी ठरले. आम्ब्रोस आणि ड्युर्फेल्ड यांना आठ वर्षं, तेर मेरला सात, इतर दोघांना सहा. क्राउखविरुद्ध जुलै १९४३ चं एक पत्रही होतं. त्यात त्याने हिमलरला लिहिलं होतं, की आणखी एक कारखाना आउशवित्झच्याच पद्धतीने कैद्यांकडून बांधून घेता येईल.

हेबर्टने वर्षअखेरीस वेगळं मत नोंदवलं. संपूर्ण संचालक मंडळ दोषी आहे, कारण कंपनीने सरकारच्या गुलामीच्या धोरणाला राजीखुशीने साथ दिली, निरुपायाने नव्हे. मला हेबर्टचं म्हणणं पटतं. आउशवित्झचा खर्च मंडळाने मंजूर केला, अहवाल मंडळाकडे आले, आणि भांडवल कंपनीचं होतं. सरकारी मालकीचा कारखाना कंपनीने नुसता चालवावा ही पद्धत त्या काळी जर्मनीत प्रचलित होती. ती न घेता कंपनीने इथे स्वतःचे पैसे घातले, कारण बुनाचं तंत्र तिला आपल्याच हाती ठेवायचं होतं. मालकी ज्याने मागून घेतली, त्याने त्याबरोबरची जबाबदारी नाकारू नये.

१९५१ पर्यंत सगळे तुरुंगाबाहेर आले. तेर मेर १९५६ मध्ये बायरच्या पर्यवेक्षी मंडळाचा अध्यक्ष झाला. ब्यूटेफिशला १९६४ मध्ये पश्चिम जर्मनीचा सन्मान मिळाला आणि ओरड झाल्यावर परत घेतला गेला.

भरपाईच्या वेळी तोच प्रश्न

मोनोवित्झमधून वाचलेल्या नोर्बर्ट वोल्हाइम याने १९५१ मध्ये विसर्जनात निघालेल्या आयजी फार्बेनवर फ्रँकफर्टला दावा लावला. कंपनीचं उत्तर ठरलेलंच होतं: आम्ही सरकारच्या हातातलं साधन होतो. १० जून १९५३ रोजी न्यायालयाने ते फेटाळलं आणि त्याला १०,००० मार्क देववले. कामावर असलेल्या माणसांचा जीव आणि शरीर जपणं हे कंपनीचं कर्तव्य होतं, आणि ते करण्याची किमान इच्छाही तिने दाखवली नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यानंतर १९५७ मध्ये तीन कोटी मार्कांची तडजोड झाली. त्यातला बहुतेक पैसा ज्यू कैद्यांसाठी होता.

पोलिश कैद्यांना मात्र त्या तडजोडीत जवळजवळ काही मिळालं नाही. त्यांच्या बाजूचा दावा पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे गेला, तेव्हा १९६३ मध्ये निकाल उलटा लागला. कंपनी तेव्हा राज्याच्या वतीने काम करत होती, म्हणून हा दावा युद्ध-भरपाईचा आहे, आणि १९५३ च्या लंडन कर्ज कराराप्रमाणे असे दावे अंतिम शांतता करार होईपर्यंत थांबवायचे आहेत, असं न्यायालयाने म्हटलं. फौजदारी न्यायालयात १९४८ साली आउशवित्झपुरता जो बचाव टिकला नव्हता, तोच पंधरा वर्षांनी कंपनीचे पैसे वाचवायला कामी आला.

पुढे सदतीस वर्षांनी, ऑगस्ट २००० मध्ये, जर्मनीने कायदा करून 'स्मरण, जबाबदारी आणि भविष्य' हे प्रतिष्ठान काढलं. छावण्यांत राबवलेल्या माणसाला जास्तीत जास्त १५,००० मार्क मिळणार होते. त्यासाठीच्या दहा अब्ज मार्कांपैकी पाच अब्ज सरकारने घातले आणि पाच अब्ज उद्योगांनी.